बी.फार्म आहे, वेस झालंय; मग परदेशात फार्मासिस्टचा परवाना मिळेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१३ साली पुण्यातून चार वर्षांचं बी.फार्म, मग क्वालिटी अ‍ॅश्युरन्समध्ये एम.फार्म आणि तेव्हापासून औषध कंपनीत नोकरी. यजमानांना न्यू जर्सी आणि टोरोंटो, दोन्हीकडे कामाची संधी आहे. वेसकडून, म्हणजे परदेशी पदव्यांची पातळी ठरवणाऱ्या संस्थेकडून, पदव्यांचं मूल्यांकन करून घेतलंय आणि त्यात बॅचलर व मास्टर अशी समकक्षता मिळालीय. आता परवान्याच्या परीक्षेला थेट बसता येईल का, एम.फार्मचा फायदा किती आणि दोनपैकी कुठला देश निवडावा, असं तुम्ही विचारलंय.

न्यू जर्सीत, हातात असलेल्या पदव्यांवर, नाही. टोरोंटोत होईल. पण परवान्यासाठी वेसचा अहवाल तिथेही कामाचा नाही आणि एम.फार्म जवळपास नाहीच. मी ओंटारिओत फार्मासिस्ट आहे आणि इकडे येणाऱ्या मराठी मुलामुलींचे कागद बरीच वर्षं बघत आलोय. अभ्यासात कच्चे म्हणून मागे पडलेले मी कमी पाहिले. चुकीच्या दारात पैसे भरून बसलेले खूप पाहिले.

पदवी तपासणारे तीन वेगळे लोक असतात. विद्यापीठाला किंवा कंपनीला तुमचं शिक्षण कुठल्या पातळीचं आहे तेवढं कळायला हवं असतं. इमिग्रेशन खात्याला त्या पातळीवरून गुण मोजायचे असतात. परवाना देणाऱ्या मंडळाला मात्र हा माणूस उद्या काउंटरमागे एकटा उभा राहिला तर रुग्णाला धोका नाही ना, एवढंच बघायचं असतं. वेस पहिल्या दोघांसाठी आहे, आणि कॅनडात तर फार्मासिस्टच्या बाबतीत दुसऱ्यासाठीही पुरत नाही. तुम्ही स्वतः मुख्य अर्जदार होऊन फार्मासिस्ट या व्यवसायाखाली, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-यादीतल्या एनओसी ३११२० या क्रमांकाखाली, एक्सप्रेस एंट्री या गुणांवरच्या इमिग्रेशन पद्धतीत उतरणार असाल तर मूल्यांकन पीईबीसी या कॅनडाच्या फार्मसी परीक्षा मंडळाचंच लागतं. यजमान मुख्य अर्जदार असतील आणि तुमच्या शिक्षणाचे गुण जोडायचे असतील तर वेस ठीक आहे. म्हणजे पैसे अगदीच पाण्यात गेले असं नाही.

आता अमेरिका. तिथे परवाना राज्याचं फार्मसी बोर्ड देतं, पण परदेशी पदवीधराला बोर्डापाशी पोचण्याआधी एनएबीपी या बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याचा नियम तारखेवर चालतो. पदवी १ जानेवारी २००३ च्या आधीची असेल तर चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरतो. त्या दिवशी किंवा नंतरची असेल तर किमान पाच वर्षांचा लागतो. अमेरिकेत स्वतःची फार्मसी पदवी १९६० पासून पाच वर्षांची होती आणि पुढे फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हीच व्यवसायात प्रवेशाची एकमेव पदवी झाली. आपल्या लोकांपेक्षा कमी वर्षं शिकलेल्याला परवाना कसा द्यायचा, हा त्यांचा साधा हिशेब आहे.

या नियमामुळे एक गंमत होते. एडिसनला किंवा जर्सी सिटीत तुम्हाला बी.फार्म केलेले, पन्नाशी-साठीतले मराठी आणि गुजराती फार्मासिस्ट भेटतील. ते सांगतील, ‘आम्हीपण चारच वर्षं शिकलो, काही होत नाही, अर्ज टाका.’ त्यांचं बोलणं खरं आहे, त्यांच्या पदवीच्या सालापुरतं.

एम.फार्मची दोन वर्षं मिळवून सहा होतात, असं एजंट हमखास सांगतात. होत नाहीत. पाच वर्षं हवीत ती फार्मासिस्ट बनवणाऱ्या पहिल्या पदवीची. वरचं स्पेशलायझेशन त्यात धरत नाहीत. क्यूए म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्समधलं एम.फार्म तर रुग्णापासून आणखी एक पाऊल लांब. आपल्याकडे २००८ साली सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म.डी. मात्र या अटीत बसतो. बारावीनंतर मुलांना अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचंय असं ज्या पालकांना आत्ताच माहीत आहे, त्यांनी बी.फार्म आणि फार्म.डी. यांतला फरक प्रवेशाच्या वेळीच बघावा. नंतर तो भरून काढणं फार महाग पडतं.

पात्र असलेल्यांसाठी तिथला पुढचा रस्ता एका दमात सांगतो: मिलवॉकीच्या ईसीई या संस्थेकडून कागदांचं मूल्यांकन, मग २०० प्रश्नांची एफपीजीईई परीक्षा, इंग्रजीची टोफेल, नंतर राज्याने ठरवलेले इंटर्नशिपचे तास, मग परवान्याची नॅपलेक्स परीक्षा आणि कायद्याची एमपीजेई. यात टोफेलला हसू नका. बोलण्याच्या भागात ३० पैकी २६ लागायचे, आणि एफपीजीईई पहिल्या फटक्यात पास होऊन त्या २६ पायी अडकलेले लोक मला माहीत आहेत.

तुमच्यासाठी अमेरिकेत उरतो तो मार्ग पुन्हा कॉलेजचा. परदेशी फार्मसी पदवीधरांना काही वर्षांची सूट देऊन फार्म.डी. देणारे कार्यक्रम आहेत. फ्लोरिडातली नोव्हा साउथईस्टर्न आणि कोलोरॅडो विद्यापीठ ही त्यातली दोन ठिकाणं. फी जबर आहे. आणि इथे मला एक आगाऊ प्रश्न विचारावासा वाटतो: तुम्हाला खरंच काउंटरवर उभं राहायचंय का? न्यू जर्सीत औषध कंपन्यांची रांग आहे. रॅहवेला मर्क, न्यू ब्रन्सविकला जॉन्सन अँड जॉन्सन, शिवाय आपल्या भारतीय कंपन्यांची अमेरिकन कार्यालयं. तिथे क्यूएला फार्मासिस्टचा परवाना कुणी विचारत नाही. एफडीएचं इन्स्पेक्शन झेललंय का, डेव्हिएशन (प्रक्रियेतली चूक) आणि कापा (ती सुधारण्याची व पुन्हा न होऊ देण्याची योजना) यांचे अहवाल लिहिता येतात का, ते विचारतात. तुमचा अनुभव तिथे रोख चालतो. अडचण व्हिसाची. यजमान एच-१बीवर गेले तर तुम्ही एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि एच-४वर कामाची परवानगी आपोआप मिळत नाही. यजमानांच्या ग्रीन कार्डचा आय-१४० हा कंपनीने करायचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय सहसा ती मिळत नाही. न्यू जर्सी निवडण्याआधी ऑफर देणाऱ्या कंपनीशी हे स्पष्ट बोलून घ्या.

कॅनडात पीईबीसी म्हणजे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडा. ती चार वर्षांचं बी.फार्म घेते. क्रम असा: आधी फार्मासिस्ट्स गेटवे कॅनडावर नाव नोंदवून राष्ट्रीय ओळख क्रमांक, मग पीईबीसीचं कागदपत्र मूल्यांकन, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, त्यानंतर क्वालिफाइंग परीक्षेचे दोन भाग, आणि शेवटी त्या त्या प्रांताच्या कॉलेजच्या अटी. इथे कॉलेज म्हणजे शिकवणारं नव्हे, नियामक मंडळ. क्युबेकचं सगळं वेगळं आहे: तिथली स्वतःची ऑर्डर, म्हणजे नियामक मंडळ, स्वतःचे नियम आणि फ्रेंच. मॉन्ट्रियलला नातेवाईक आहेत म्हणून तिकडे जाण्याचा बेत असेल तर आधी फ्रेंचचं काय ते ठरवा.

कागदपत्रांवर जरा जास्त बोलतो, कारण महाराष्ट्रातल्या अर्जांत माशी शिंकते ती इथे.

पहिली गोष्ट पदवी प्रमाणपत्राची. आपल्यातल्या कित्येकांकडे फक्त गुणपत्रिका आणि उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र असतं. दीक्षांत समारंभाचा अर्ज कधी भरलेलाच नसतो, कारण कंपनीने कधी मागितलं नाही. पीईबीसीला खरं पदवी प्रमाणपत्र लागतं. काढलं नसेल तर आजच अर्ज करा. तुमच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. २०१३ च्या कागदांवर ‘पुणे विद्यापीठ’ असेल, आणि आता ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) येईल ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या लेटरहेडवर, कारण नाव २०१४ साली बदललं. टोरोंटोतल्या कागद तपासणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं नाही. विद्यापीठाकडून तसं एक पत्र मागून घ्या.

ट्रान्स्क्रिप्ट तुमच्या हातून गेलेली चालत नाही. ती विद्यापीठाने थेट पाठवायची असते. तुम्ही स्वतः स्कॅन करून जोडलीत की ती कितीही खरी असली तरी शून्य. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी डी.फार्मचे कागदही एमएसबीटीईकडून, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाकडून, वेगळे काढावेत, नाहीतर बी.फार्मची तीनच वर्षं दिसतात आणि फाइल थांबते.

मग नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव छापतात. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर पासपोर्ट नवा केला असेल तर वडिलांचं नाव जाऊन यजमानांचं आलं, आडनाव बदललं. म्हणजे चार शब्दांपैकी एकच शब्द दोन्हीकडे सारखा. आपल्याला हे इतकं सवयीचं की त्यात काही सांगण्यासारखं आहे असं वाटतच नाही; समोरच्या अधिकाऱ्याला ती दोन वेगळी माणसं दिसतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेलच, आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रतही लावा. बदललं नसेल तर आता घाईने बदलू नका. सगळे परदेशी अर्ज एकाच नावाने जावेत म्हणून आधी पासपोर्टवर काय आहे ते बघा आणि गेटवेवर, पीईबीसीत, इंग्रजीच्या परीक्षेला, सगळीकडे अक्षर न अक्षर तेच टाका.

आता नोंदणी. तुम्ही लिहिलंय की महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी पास झाल्यावर केली होती, पण नूतनीकरण राहून गेलं, कारण कंपनीत गरज पडली नाही. ते आधी करून टाका. पीईबीसीला नोंदणीचं विवरणपत्र कौन्सिलकडून थेट हवं असतं, आणि इतर देशही साधारण हेच मागतात: ही व्यक्ती आपल्या देशात फार्मासिस्ट म्हणून नोंदलेली आहे आणि तिच्यावर कारवाई नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याखालची ती नोंदणीच तुम्हाला फार्मासिस्ट ठरवते. पदवी तुम्हाला फक्त पदवीधर ठरवते.

याच जागी एक नाजूक विषय. ‘लायसन्स एका मेडिकलला लावलंय’ हे वाक्य महाराष्ट्रात कुणाला दचकवत नाही. नाव दुकानावर, माणूस कंपनीत, महिन्याला ठरलेले पैसे. मग परदेशाचा विषय निघाला की त्याच दुकानदाराकडून ‘पाच वर्षं पूर्णवेळ काम केलं’ असं पत्र आणायची टूम निघते. करू नका. त्याच पाच वर्षांचा तुमचा भविष्य निर्वाह निधी कंपनीत कापला गेलाय, आणि तो अनुभव तुम्ही इमिग्रेशनच्या अर्जात दाखवणार आहात. दोन कागद एकमेकांसमोर आले की प्रश्न अनुभवाचा राहत नाही, खोट्या कागदाचा होतो. कॅनडाच्या इमिग्रेशनमध्ये खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी लागू शकते, आणि फार्मसी कॉलेज चारित्र्याबद्दल वेगळं विचारतंच. शिवाय पीईबीसीच्या मूल्यांकनाला दुकानातला अनुभव लागतच नाही. कंपनीतला अनुभव कंपनीतला म्हणून लिहा.

परीक्षांकडे येऊ. इव्हॅल्युएटिंग परीक्षेत जैववैद्यकीय विषय, औषधशास्त्र, फार्मसी प्रॅक्टिस आणि थोडं प्रशासन असतं. फार्मास्युटिक्स, फार्मॅकोकायनेटिक्स, मेडिसिनल केमिस्ट्री यांत आपली मुलं इथल्यांना भारी पडतात. ही परीक्षा मेहनतीने निघते. पण संधी मोजक्याच असतात, ‘एकदा बघून येऊ’ म्हणून बसू नका.

खरी कसोटी क्वालिफाइंगच्या दुसऱ्या भागात, म्हणजे ऑस्कीत, आणि ती कॅनडात येऊनच द्यावी लागते. एकेका खोलीत काही मिनिटं, समोर रुग्णाचं किंवा डॉक्टरचं सोंग घेतलेला प्रशिक्षित माणूस, आणि बाजूला गुण देणारा परीक्षक. बाई येते, गुडघा दुखतोय म्हणून आयबुप्रोफेनचं खोकं पुढे करते. आपल्याकडचा हुशार विद्यार्थी लगेच डोस, जेवणानंतर घ्या, अ‍ॅसिडिटी होऊ शकते, सगळं घडाघडा सांगतो. दुसरी काही औषधं चालू आहेत का, हे विचारतच नाही. बाई वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या औषधावर असते; दोन्ही मिळून रक्तस्राव होऊ शकतो. खेळ खलास. उत्तर माहीत नव्हतं असं नाही. वॉरफरिन आणि आयबुप्रोफेनवर त्याने पानभर लिहिलं असतं. पण चार वर्षांत त्याला प्रश्न विचारायला कुणी लावलेलं नसतं. मेडिकलच्या काउंटरवर आपण चिठ्ठी वाचतो, पट्टी कापतो, पैसे घेतो.

इथे फार्मासिस्टचं काम किती पुढे गेलंय याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. अल्बर्टात जादा अधिकार घेतलेले फार्मासिस्ट २००७ पासून स्वतः औषध लिहून देतात. ओंटारिओत १ जानेवारी २०२३ पासून १३ किरकोळ आजारांवर आम्ही औषध लिहू लागलो, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ते १९ झाले. लघवीचा साधा जंतुसंसर्ग, डोळे येणं, गोचीड चावल्यावर लाइम रोग टाळण्यासाठीचा डोस, हे सगळं त्यात येतं. लशी टोचतो. डॉक्टरला फोन करून ‘हा डोस या किडनीला झेपणार नाही’ असं सांगतो आणि तो ऐकून घेतो. तुमच्या पदवीत हा भाग नाही, म्हणून मंडळ तुम्हाला परीक्षांच्या माळेतून नेतं. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

हा भाग भरून काढायला टोरोंटो विद्यापीठात परदेशी फार्मासिस्टांसाठी ब्रिजिंग कार्यक्रम आहे, व्हँकुव्हरला यूबीसीत सीपी३ आहे. तुमच्यासारख्या, कंपनीतून येणाऱ्या माणसाने तो करावाच असं माझं मत आहे. घरी बसून नोट्स पाठ करण्याने ऑस्की सुटत नाही. ते जमणार नसेल तर निदान फार्मसी असिस्टंटची नोकरी धरा, पगार कमी असला तरी. लोक काउंटरवर इंग्रजी कसं बोलतात, विम्याचा क्लेम का नाकारला जातो, पॅरासिटामॉलला सगळे अ‍ॅसिटामिनोफेन का म्हणतात, हे तिथे कानावर पडतं. ओंटारिओत त्यानंतर कायद्याची परीक्षा आणि पेस असतं, ज्यात प्रत्यक्ष फार्मसीत एक मूल्यमापक तुमचं काम बघतो. सगळं धरून दोन ते तीन वर्षं मनात ठेवा. वर्षभरात परवाना देतो म्हणणाऱ्या एजंटला चहा पाजा आणि निरोप द्या.

दुसऱ्या देशांबद्दल ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ब्रिटनमध्ये ओस्पॅप नावाचा एक वर्षाचा विद्यापीठातला अभ्यासक्रम, मग ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण, मग जीपीएचसी या तिथल्या नियामक मंडळाची परीक्षा. इंग्रजीला आयईएलटीएसच्या प्रत्येक भागात ७. ऑस्ट्रेलियात कॅप्स परीक्षेची जागा मार्च २०२५ पासून ओप्राने घेतलीय, त्यामुळे जुन्या कॅप्सच्या नोट्स विकत घेण्याआधी नीट बघा. आखातात डेटाफ्लो या कंपनीकडून कागदांची मूळ संस्थेत पडताळणी आणि प्रोमेट्रिकच्या केंद्रावर संगणकावर परीक्षा; तिथे मात्र दुकानातल्या किंवा हॉस्पिटलमधल्या खऱ्या अनुभवाला किंमत आहे.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की मुलगी इकडे शिकून पुढे पुण्यात परत आली तर तिची परदेशी पदवी चालेल का. भारतात ते फार्मसी कायद्याच्या कलम १४ खाली ठरतं. परदेशातल्या एखाद्या पात्रतेतून पुरेसं कौशल्य आणि ज्ञान मिळतं अशी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची खात्री झाली तर ती तिला मान्यता देऊ शकते, आणि मग राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी. त्या कलमात एक अट आहे जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: भारताचा नागरिक नसलेल्याला याचा फायदा तेव्हाच, जेव्हा त्या देशात भारतीय वंशाच्या लोकांना तीच पात्रता घेऊन व्यवसाय करू देतात. मुलीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तर हा मुद्दा तिला लागू होईल.

तुम्ही सध्या टोरोंटोचं धरून चला. नोकरीचा राजीनामा पीईबीसीचं मूल्यांकन हातात येईपर्यंत देऊ नका, आणि देताना कंपनीकडून नुसता कालावधी नाही तर कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घ्या. न्यू जर्सीचा विचार पुन्हा वर आला तर तेच पत्र तिथल्या क्यूएच्या मुलाखतीत चालेल. कौन्सिलचं नूतनीकरण आणि विद्यापीठाचा ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज एकाच आठवड्यात टाका. दोन्हीकडे किती वेळ लागेल ते तुमच्या हातात नाही, बाकी सगळं आहे.